अन्नाचें गोत्र

मनुष्याचें गोत्र विचारण्याची चाल आपल्या समाजांत फार जुनी आहे. कोण, कुठले, कोणाचे, पंक्तीला चालतात कीं नाहीं, या प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून पूर्वीं पाटही मांडला जात नसे. परंतु त्या पाटासमोर जें ताट वाढलें जाई, त्यांतील पदार्थांचें गोत्र विचारण्याची चाल मात्र कोणी पाडली नाहीं. ती पडली असती तर पुष्कळ सोंवळ्या स्वयंपाकघरांत मोठाच गोंधळ उडाला असता. अन्नाच्या शुद्धतेविषयीं आपण जें बोलतों आणि अन्नाच्या इतिहासांत जें घडलें आहे, त्या दोहोंमधील अंतराचा नैतिक अर्थ काय, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

विचाराच्या सोयीसाठीं एक कल्पना करूं. नाशिकच्या कॉलेज रोडवर उद्यां कोणी क्यूबा देशांतील पदार्थांचें उपाहारगृह उघडलें असें समजा. पाटी वाचून आंत जाणाऱ्या सद्गृहस्थाच्या मनांत पहिला प्रश्न येईल तो हा, कीं सातासमुद्रांपलीकडच्या या ताटांत आपल्या ओळखीचें कांहीं असेल काय? पाहूं लागल्यास त्याला तेथें काळा घेवडा आणि भात एकत्र शिजवलेला एक पदार्थ मिळेल. त्याचें नांव 'मोरोस इ क्रिस्तियानोस', म्हणजे 'मूर आणि ख्रिस्ती'. काळे दाणे ते मूर आणि पांढरीं शितें तीं ख्रिस्ती. स्पेनच्या भूमीवर ज्या दोन समाजांनीं कित्येक शतकें एकमेकांशीं युद्धें केलीं, ते क्यूबाच्या एका पातेल्यांत शेजारीं शेजारीं शिजतात. तेलांत कांदा, लसूण व भोपळी मिरची परतून केलेलें 'सोफ्रितो' हें तर आपल्या फोडणीचें दूरचें भावंडच. कच्च्या केळ्याचे जाड काप दोनदां तळून केलेले 'तोस्तोनेस' आहेत. 'युका' नांवाचा कंद उकडून त्यावर लसूण आणि आंबट नारिंगाचा रस घातलेला आहे. शेवटीं पेरूचा घट्ट, वडीसारखा कापतां येणारा मुरंबा आहे. मांसाचेही पदार्थ आहेतच, त्यांत गोमांसाचेही आहेत. ते ज्याला वर्ज्य त्याला वर्ज्य. त्या वर्ज्यावर्ज्याचा प्रश्न पुढें येईल.

आतां या ताटाचें गोत्र विचारूं. तांदूळ आशियांतला, केळें आशियांतलें. आंबट नारिंग पूर्वेकडून अरबांच्या हातून स्पेनमध्यें आणि तेथून वेस्ट इंडीज बेटांत गेलें. स्पॅनिश भाषेंतील त्याच्या नांवाच्या मुळाशीं संस्कृत 'नारंग' हा शब्द आहे. साखरेचेंही तसेंच. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या प्रथम हिंदुस्थानांत साधली, आणि आपली 'शर्करा' इराण व अरबस्थान यांतून प्रवास करीत स्पॅनिश भाषेंत 'असूकार' झाली. कोलंबसानें १४९३ च्या आपल्या दुसऱ्या सफरींत उसाचीं बेणीं बरोबर नेलीं. तात्पर्य, ज्याला आमचे सद्गृहस्थ परकें ताट समजत आहेत, त्यांतील निम्म्या वस्तु पूर्वेकडच्या आहेत.

हीच चौकशी आपल्या ताटाची करूं. आणि साधें ताट नको, एकादशीचें घेऊं, कारण शुद्धतेची आपली कल्पना त्या ताटांत अगदीं कसोशीनें पाळलेली असते. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, चवीला हिरवी मिरची, फळांत पेरू आणि पपई. यांपैकीं शेंगदाणा, बटाटा, रताळें, मिरची, पेरू, पपई या साऱ्या वस्तु अमेरिका खंडांतल्या. पोर्तुगीज व इतर दर्यावर्दी लोकांनीं त्या इकडे आणल्या. ज्या जातींचा राजगिरा आपण पिकवितों, त्यांचें मूळही अमेरिकेंतच असल्याचें बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. साबुदाण्याची कथा तर सर्वांत मौजेची आहे. तो मूळचा मलायाकडील सागो माडाच्या गाभ्यापासून होई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तो माल येणें थांबलें, तेव्हां तामिळनाडूंतील सेलमच्या भागांत एका कंदाच्या पिठापासून तसेच दाणे पाडण्याचा धंदा वाढीस लागला. हा कंद म्हणजेच क्यूबाच्या ताटांतला युका! साबुदाण्यानें नांव तेंच ठेवून झाड बदललें, आणि कोणाचा उपवास मोडला नाहीं.

'बटाटा' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. तो आपल्याकडे पोर्तुगिजांच्या तोंडून आला; परंतु पोर्तुगीज-स्पॅनिशांनीं तो घेतला वेस्ट इंडीज बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेंतून, आणि तेथें त्याचा अर्थ रताळें असा होता. क्यूबा बेट हें याच ताइनो लोकांचें घर. १४९२ च्या ऑक्टोबरांत कोलंबस तेथें उतरला आणि पुढच्या कांहीं दशकांतच रोगराई, सक्तीची मजुरी व अत्याचार यांनीं तो समाज बहुतांशीं नाहींसा झाला. त्यांची युकाची भाकरी, 'कसाबे', मात्र टिकली. २०२४ सालीं युनेस्कोनें तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. नाशिकची एखादी आजी एकादशीच्या दिवशीं बटाटा म्हणते, तेव्हां त्या दुर्दैवी लोकांचा एक शब्द तिच्या ओठांवर असतो, आणि तिला याचा पत्ताही नसतो.

पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरीं निवृत्तिनाथांची यात्रा भरते. दिंड्या घेऊन येणाऱ्या वारकऱ्यांच्या फराळांत आज खिचडी व बटाटा असतो. परंतु ज्यांच्या समाधीच्या दर्शनास ते येतात, त्या निवृत्तिनाथांनीं हे पदार्थ कधीं पाहिलेही नव्हते. ज्ञानदेवांनीं १२९० मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हां महाराष्ट्राच्या चुलीवर मिरची पोंचण्यास अद्याप दोन शतकांहून अधिक काळ लोटावयाचा होता. तिखटपणाचें काम तेव्हां मिरें, पिंपळी आणि आलें करीत.

हें सांगण्यांत उपवास करणाऱ्यांची थट्टा करण्याचा हेतु मुळींच नाहीं. उलट, आपल्या समाजाच्या एका मोठ्या गुणाची ही साक्ष आहे. परदेशी कंदमुळें आलीं. तीं कोणत्या देशचीं, कोणत्या धर्माच्या माणसानें गलबतांतून उतरविलीं, हें न विचारतां घरांतल्या शहाण्या बायकांनीं तीं चाखून पाहिलीं, शिजवून पाहिलीं, आणि मानवलीं तशीं देवापुढच्या नैवेद्यापर्यंत नेलीं. कोणत्याही पीठाचें आज्ञापत्र त्यासाठीं लागलें नाहीं. रोजच्या चुलीपाशीं इतका मोठा सामाजिक बदल इतक्या शांतपणें घडून आल्याचीं उदाहरणें थोडीं सांपडतील.

परंतु या औदार्याला एक दुसरी बाजू आहे, आणि ती पाहिल्यावांचून हा विचार प्रामाणिक होणार नाहीं. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळींस चहा-बिस्किटें देण्यांत आलीं, आणि त्यावरून मोठें ग्रामण्य माजलें. रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावें लागलें. चहा हें चीनकडून आलेलें पेय होतें, याला कोणाचा आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो पेला पुढें करणाऱ्या हाताला. पुढें चाळीस वर्षांनीं, २ मार्च १९३० रोजीं, नाशिकच्या काळाराम मंदिरापुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो कित्येक वर्षें नेटानें चालविला; त्या सर्व काळांत तें दार अस्पृश्य मानलेल्यांस उघडलें नाहीं. शेवटीं १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांतील येवले येथें बाबासाहेबांनीं, आपण हिंदु म्हणून जन्मलों तरी हिंदु म्हणून मरणार नाहीं, अशी घोषणा केली.

या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे मन अस्वस्थ झाल्यावांचून राहत नाहीं. अमेरिकेंतल्या डोंगरांवरचा बटाटा फार तर दोन-तीन शतकांच्या वास्तव्यावर देवघरांत पोंचला. आणि ज्याचे पूर्वज याच गोदाकांठीं, याच गांवाची कष्टाचीं कामें करीत पिढ्यान् पिढ्या राहिले, तो माणूस देवळाच्या पायरीशीं अडविला गेला. परकी वस्तु आपली झाली; आपला माणूस परका राहिला. शुद्धतेचा नियम जर खरोखर पदार्थाविषयीं असता, तर तो प्रथम बटाट्याला अडविता. त्यानें बटाट्याला सोडलें आणि माणसाला धरलें. यावरून तो नियम अन्नाविषयीं नव्हताच, माणसांच्या उतरंडीविषयीं होता, असेंच म्हणावें लागतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाहीं. आक्षेपक म्हणेल, "खाण्यापिण्याचे सारेच नियम तुम्ही तुच्छतेच्या सदरांत घालूं नका. जिभेवर ताबा ठेवणें ही एक साधना आहे. कोणी मांस खात नाहीं, कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी एकादशी पाळतो. यांत दुसऱ्याचा अपमान कोठें आला? उद्यांच्या त्या क्यूबन उपाहारगृहांत गोमांसाचा पदार्थ मी नाकारला, तर मी क्यूबाच्या माणसाचा द्वेष करतों असें होईल काय?"

नाहीं, तसें होणार नाहीं. 'हें मी खाणार नाहीं' आणि 'तुझ्या हातचें मी खाणार नाहीं' हीं दोन वाक्यें ऐकावयास जवळचीं असलीं, तरी त्यांची जात भिन्न आहे. पहिल्या वाक्यांत मनुष्य स्वतःला बांधून घेतो. त्याचा भार त्याच्यावरच पडतो, आणि समोरच्याची किंमत त्यानें तिळभरही कमी होत नाहीं. दुसऱ्या वाक्यांत बोलणारा स्वतः कांहींच सोडीत नाहीं. तो समोरच्या माणसाविषयीं निकाल देतो. पहिलें व्रत आहे, दुसरें शिक्षा आहे. आणि ती शिक्षाही अपराधावांचून दिलेली. कोणी म्हणेल, हा स्वच्छतेचा प्रश्न आहे. परंतु जो मळ साबणपाण्यानें जातो, त्याला मळ म्हणावें; जो कितीही धुतला तरी जात नाहीं असें आपण मानतों, तो समोरच्याच्या हातावर नसून आपल्या मनांत असतो. तेव्हां कोणत्याही पथ्याची कसोटी साधी आहे. तें माझ्या जिभेपाशीं थांबतें, कीं शेजाऱ्याच्या हातापर्यंत पोंचतें?

अन्नाचें गोत्र विचारण्याचें आणखी एक कारण आहे. तें म्हणजे ऋण. पदार्थ आपलासा करणें हा गुण आहे, पण त्याची किंमत कोणी चुकविली हें विसरणें हा गुण नव्हे. आपली शर्करा समुद्रापलीकडे गेली ती तेथें रक्तांत भिजली. क्यूबांतील उसाच्या मळ्यांवर राबविण्यासाठीं आफ्रिकेंतून सात लाखांहून अधिक माणसें गुलाम करून आणलीं गेलीं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १८४७ पासून चिनी मजूरही कराराच्या नांवाखालीं आणले गेले. गुलामगिरी पूर्णपणें बंद झाली ती १८८६ मध्यें. क्यूबाच्या स्वयंपाकांत जें आफ्रिकी आणि चिनी वळण आहे, तें हौशी प्रवाशांनीं आणलेलें नाहीं. तें बेड्यांबरोबर आलें आहे. आपल्याकडेही ऊस तोडणाऱ्या मजुराचें बिऱ्हाड दरसाल गांव सोडून कारखान्याच्या वाटेला लागतें, मुलांची शाळा बुडते. साखरेचा डबा उघडतांना हें कोणाच्या ध्यानांत येतें? खाणाऱ्यानें प्रत्येक घांसाला अश्रु ढाळावे असें कोणी म्हणत नाहीं. परंतु आपण 'अन्न हें पूर्णब्रह्म' म्हणतों, तेव्हां तें ब्रह्म कोणाच्या घामांतून आपल्या ताटांत उतरलें, याची आठवण ठेवणें हें त्या वचनाचेंच पालन होय.

फर्नांदो ओर्तिस नांवाच्या क्यूबन पंडितानें १९३९ मध्यें हवाना विद्यापीठांतील आपल्या व्याख्यानांत क्यूबाच्या राष्ट्रीयत्वाला 'अहियाको'ची उपमा दिली. अहियाको म्हणजे नाना कंद, मक्याचीं कणसें आणि मांस घालून मंदाग्नीवर रटरटणारा रस्सा. ताइनो, स्पॅनिश, आफ्रिकी, चिनी असे सर्व त्या भांड्यांत पडले. कांहीं विरघळले, कांहीं अजून आपला आकार राखून आहेत. आणि मुख्य गोष्ट ही, कीं रस्सा अजून चुलीवरच आहे, राष्ट्रीयत्व म्हणजे तें शिजणें होय, शिजून झालेला पदार्थ नव्हे. उपमा सुंदर आहे. परंतु तींत एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. भांड्यांत सर्व एकत्र शिजतात हें खरें, पण भांड्यांत घालणारा हात आणि भांड्यांत पडणारा जीव हे सारखे नसतात. मिश्रणाचा गौरव करतांना तें मिश्रण कोणी कोणावर लादलें हें झांकलें जाऊं नये. मिसळणें ही स्वतः पुण्याची गोष्ट नव्हे. समान मानानें मिसळणें ही पुण्याची गोष्ट आहे.

कोणी चोखंदळ वाचक येथें असें विचारील, कीं नाशिकचा आचारी क्यूबाच्या घेवड्यांत जर काळा मसाला घालूं लागला, तर तो पदार्थ क्यूबन राहील काय? ही अस्सलपणाची चर्चा हल्लीं फार ऐकूं येते. परंतु खुद्द क्यूबांत तरी अस्सल तें कोणतें? १९५९ च्या क्रांतीनंतर जे देश सोडून फ्लोरिडांत गेले, त्यांनीं जुन्या पाककृति तेथें जपल्या. इकडे बेटावर १९६२ पासून शिधापत्रिका आली, आणि टंचाईमुळें घरोघरच्या बायकांनीं असेल त्यांत भागविण्याच्या नव्या युक्ति काढल्या. १९९३ मध्यें सरकारनें राहत्या घरांत खानावळ चालविण्यास परवानगी दिली. या घरगुती खानावळींस तेथें 'पालादार' म्हणतात. आपल्याकडे संसाराचा गाडा ओढण्यासाठीं कित्येक निराधार स्त्रियांनीं ज्या खानावळी चालविल्या, त्यांचीच ही दूरची बहीण. परदेशांत जपलेलें खरें, कीं घरीं टंचाईंत बदललेलें खरें? दोन्ही खरीं, कारण दोहोंच्या मागें खरी गरज आहे आणि खरा जिव्हाळा आहे. आचाऱ्यानें मसाला बदलण्यांत पाप नाहीं. बदलून तो बदललाच नाहीं असें सांगण्यांत आहे. आणि ज्यांच्यापासून पदार्थ घेतला त्यांचें नांवही न घेणें यांत त्याहून मोठें पाप आहे.

उपाहारगृह ही वस्तु तशी क्षुल्लक दिसते. परंतु आपली राज्यघटना लिहिणाऱ्यांस ती क्षुल्लक वाटली नाहीं. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें, हॉटेलें यांचा स्पष्ट उल्लेख करून, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तेथें कोणासही मज्जाव करतां येणार नाहीं, असें सांगितलें आहे. सतराव्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट केली आहे. एका थोर राष्ट्राच्या मूलभूत कायद्यांत खाणावळीच्या दाराचा उल्लेख करावा लागावा, यांतच आपल्या इतिहासाची सारी व्यथा आली.

तें दार कायद्यानें उघडलें. घराचें दार कायद्याला उघडतां येत नाहीं. २०११-१२ च्या एका मोठ्या देशव्यापी पाहणींत दर शंभरांत सुमारे २७ कुटुंबांनीं, आपण कोणत्या ना कोणत्या रूपांत अस्पृश्यता पाळतों, असें स्वतःच्या तोंडानें कबूल केलें. जे कबूल करीत नाहींत, त्यांनींही आपल्या स्वयंपाकघराच्या फळीकडे एकदां पाहावें. घरकाम करणाऱ्या बाईचा चहाचा कप तेथें इतर कपांबरोबर असतो, कीं खिडकींत निराळा पालथा घातलेला असतो? त्या कपांतली साखर, त्यांतला चहा आणि चुलीवरचें दूध सर्वांचें एकच असतें. निराळा असतो तो नुसता कप; आणि तो निराळा ठेवण्यास शास्त्राचा, आरोग्याचा किंवा व्रताचा कोणताही आधार सांगतां येत नाहीं. घरांतलीं मुलें मात्र तो रोज पाहतात. पाठ्यपुस्तकांतला समतेचा धडा त्यांना वर्षांतून एकदां शिकविला जातो, खिडकींतला धडा दिवसांतून दोनदां.

एकादशीच्या ताटांत खरोखर या भूमीचें म्हणतां येईल असें एक धान्य उरतें, तें म्हणजे वरई. नाशिकच्या गिरण्यांत सडून निघणारी ही भगर देशांत दूरवर जाते, आणि ती पिकते पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी यांच्या डोंगरउतारांवर, कोकणा, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी शेतकऱ्यांच्या हातून. शहरांत जें उपवासाचें पवित्र अन्न, तें त्या डोंगरांत रोजच्या भुकेचें अन्न आहे. बियाणें त्यांनीं राखलें, चढावरची नाचणी-वरईची लावणी त्यांनीं केली, पावसांत पाठ त्यांची भिजली. आपल्या पवित्रतेचा एवढा मोठा वांटा ज्यांच्याकडून येतो, त्यांना आपण कधीं आपल्या ओळीला जेवावयास बसविलें आहे काय, हा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्याच ताटाला विचारावा. ज्याच्या हातचें धान्य उपवासाला चालतें, त्याच्या हातचें पाणी न चालण्यास कोणतेंही कारण उरत नाहीं.